तीन ब्रेकची वाट

गेल्या महिन्यात रेणुकाचा पुण्याहून फोन आला. रेणुका म्हणजे उमरग्याच्या आमच्या शाळेतली माझी जुनी विद्यार्थिनी. आता ती तिकडं एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. भाड्याची खोली दवाखान्यापासून पाच किलोमीटरवर मिळाली, दोन बस बदलाव्या लागतात, त्यात तास जातो, म्हणून तिनं सायकल घेतली होती. मोबाइल तीन रस्ते दाखवत होता आणि त्यातला कुठला धरावा हे तिला कळत नव्हतं. म्हणाली, "मॅडम, बिरूअण्णा असते तर त्यांनी आधी काय विचारलं असतं, तेवढं सांगा."

मी सांगितलं. किती वेळा ब्रेक दाबावा लागतो ते मोज. ड्युटीच्या वेळेलाच जाऊन बघ, सुट्टीच्या दिवशी बघू नको. येतानाचा रस्ता जातानाच्या रस्त्यापेक्षा वेगळा निघाला तर निघू दे. ती लिहून घेत होती, पेन सरकल्याचा आवाज येत होता. फोन ठेवला आणि मी तशीच ओट्यावर बसून राहिले. अण्णांना जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि त्यांच्याबद्दल मी कुणाशी नीट बोललेसुद्धा नव्हते.

बिरूअण्णा आमच्या शाळेत शिपाई होते. उंच, हडकुळा माणूस, मिशा पिकलेल्या, अंगात खाकी शर्ट आणि शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. घरचा धंदा मेंढरांचा. चौथीपर्यंत शिकलेले. हायवेच्या पलीकडं पाच-सहा किलोमीटरवर त्यांची वाडी होती आणि तिथून ते तीस वर्षं रोज काळ्या चोवीस इंची सायकलवर शाळेत येत होते. या तीस वर्षांत ते एकदाही पडले नव्हते. हे ते स्वतः कधी सांगत नसत. दुसरं कुणी सांगायला लागलं की तिथून उठून जात.

मी कळंबची. तिथं सगळं गाव सायकलवर फिरून मोठी झाले, त्यामुळं उमरग्याला नोकरी लागली तेव्हा स्टँडपलीकडं खोली घेतली आणि माझी जुनी लेडीज सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली. पण उमरगा म्हणजे कळंब नव्हे. सोलापूर-हैदराबाद हायवे गावाच्या अंगावरूनच जातो. टायरची दुकानं, गॅरेजं, ढाबे, आणि कर्नाटकातून पेशंट घेऊन येणाऱ्या जीपा. या सगळ्यातून मी पहिल्या दिवशी सरळ शाळेत आले आणि गेटमध्ये उतरले तेव्हा पुरती घाबरलेली होते. पण ते कुणाला दिसू नये म्हणून मी हसत होते.

अण्णांनी सायकल माझ्या हातातून घेतली. पुढचा ब्रेक दाबून बघितला, मागचा दाबून बघितला, आणि कुठनं आलाव म्हणून विचारलं. मी म्हटलं, स्टँडवरून सरळ. "सरळ," एवढंच ते म्हणाले आणि सायकल शेडमध्ये लावायला घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला सांगितलं की उद्या साडेनवाला खोलीबाहेर थांबा, मी येतो.

ते आले. पुढं ते, मागं मी. आडत बाजाराच्या मागून, एका गिरणीच्या बोळातून, मग दवाखान्यांच्या मागच्या गल्लीनं, शाळेच्या मागच्या फाटकात. माझा सरळ रस्ता दोन किलोमीटर होता, हा तीनच्या वर. मी तक्रारीच्या सुरात म्हटलं की अण्णा, हा लांबचा आहे. त्यावर त्यांनी विचारलं, सरळ रस्त्यानं येताना किती येळा ब्रेक दाबताव? मी कधी मोजलं नव्हतं.

"अकरा. काल म्या मुद्दाम तिकडनं आलो आन् मोजलो. आज किती दाबलाव?"

मला तीन आठवले.

"एक ब्रेक म्हंजे कुणीतरी तुमच्या आडवं आलं. सरळ रस्त्यानं रोज अकरा जण आडवं येतेत. त्यातला एक दिवस तुमचा हात उशिरा पडला तर?"

मी पुढची बारा वर्षं त्या तीन ब्रेकच्या वाटेनं शाळेत गेले.

रस्त्याची लांबी अण्णांना किलोमीटरमध्ये सांगताच यायची नाही. वाडीपासून शाळा सात ब्रेक. शाळेपासून पोस्ट चार ब्रेक, पण बाजाराच्या दिवशी नऊ, म्हणून बाजाराच्या दिवशी टपाल चालत न्यायचं. एकच रस्ता दिवसातून चार वेळा बदलतो असं ते म्हणत. सकाळी दूधवाले, दहाला शाळा-कचेऱ्यांची गर्दी, दुपारी ढाब्यावर जेवायला वळणारे ट्रक, संध्याकाळी स्टँडवरच्या रिक्षा. थंडीच्या दिवसांत सकाळी ते मला पूर्वेकडं जाणारा एक तुकडा टाळायला लावत. त्या वेळी ऊन मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांवर असतं, तुम्हाला त्याचा आवाज येतो पण त्याला तुम्ही दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. उजवीकडं वळायचं असलं तर ते कधीही सायकलवरून वळत नसत. उतरत, थांबत आणि चालत पलीकडं जात. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "उतरलं की आपण माणूस होतो. गाडीवाला माणसाला थांबतोय, सायकलला थांबत न्हाय."

खाकी कपडा धुळीत मिसळून जातो म्हणून त्यांनी कॅरियरला मागं एक पिवळंधमक फडकं बांधलेलं होतं. आमच्या मुख्याध्यापकांना ते आवडत नसे. शाळेच्या शिपायानं असं जत्रेतल्यासारखं फिरू नये, असं त्यांनी दोनदा सांगून पाहिलं. अण्णा ऐकून घेत, मान हलवत आणि फडकं धुऊन पुन्हा बांधत.

पुढं मुख्याध्यापकांनाच शुगर निघाली आणि डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं. त्यांनी नवी सायकल घेतली आणि अण्णांना बोलावून रस्ता विचारला. अण्णांचे प्रश्न ठरलेले असत. किती वाजता निघणार, मागं ओझं काय, कुठल्या डोळ्याला कमी दिसतंय आणि शेवटी, भीती वाटते का. भीती वाटते म्हणणाऱ्याला ते जवळचा रस्ता देत. वाटत नाही म्हणणाऱ्याला हमखास लांबचा. साहेबांनी अर्थातच वाटत नाही म्हणून सांगितलं. त्यांना मिळालेला रस्ता गावाला अर्धा वळसा घालून जाणारा होता. चार दिवस ते त्यानं आले. पाचव्या दिवशी स्टँडच्या तोंडावरून आले आणि पाऊण तास उशिरा, सायकल हातात धरून, पँटला ऑटोचा पिवळा रंग लागलेला, असे गेटात शिरले. लागलं काहीच नव्हतं. अण्णांनी सायकल घेतली, पुढचं चाक दोन पायांत धरून वाकडं झालेलं हँडल सरळ केलं आणि सायकल शेडमध्ये लावली. आठवड्याभरानं साहेबांच्या कॅरियरलाही एक पिवळा रुमाल दिसला. स्टाफरूमच्या खिडकीतून सगळ्यांनी तो बघितला.

अण्णांच्या आई सीमेपलीकडच्या, कानडी मुलखातल्या. मेंढरं मोजायला त्यांना आईनं शिकवलं होतं, त्यामुळं मराठी बोलणारा हा माणूस मोजायचा मात्र कानडीत. कुठल्याही कोपऱ्यावर सायकल टेकवून ते उभे असले आणि ओठ हलत असले की समजायचं, गाड्या मोजणं चाललंय. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मधे कुणी नमस्कार केला तर बोट वर करून थांबा म्हणत. मग पहिल्यापासून मोजत.

हे सगळं मजेचंच राहिलं असतं. पण हायवे चौपदरी झाला.

हायवेच्या पलीकडच्या तीन वाड्यांमधून आमच्या शाळेत चौदा मुली यायच्या. आठवीत गेल्यावर त्यांना सरकारी योजनेतून सायकली मिळाल्या होत्या. नाहीतर त्या भागातल्या मुली सातवीनंतर घरीच. रस्ता मोठा झाला, मधे दुभाजक आला आणि वाड्यांसमोरची पलीकडं जायची जागा बंद झाली. पुढची जागा दीड किलोमीटर वर. तेवढं उलटं कोण जाणार, म्हणून मुली कडेनं चुकीच्या बाजूनं यायला लागल्या, समोरून येणाऱ्या ट्रकांना तोंड देत. एके सकाळी एका लांबलचक गाडीच्या वाऱ्यानं एक मुलगी सायकलसकट खाली चारीत गेली. तिला खरचटलं, पण दप्तर रस्त्यावर राहिलं आणि त्याच्यावरून चाक गेलं. तिच्याबरोबरच्या मुलींनी ते दप्तर उचलून शाळेत आणलं. गणिताची वही चाकाच्या नक्षीनं उमटलेली होती.

त्याच दिवशी वाड्यांमधल्या बापांनी ठरवलं की उद्यापासून मुली शाळेत जाणार नाहीत. अण्णा स्वतः त्यातल्याच एका वाडीतले, त्यामुळं बैठकीत तेही होते. त्यांनी आठ दिवस मागून घेतले. आठ दिवसांत वाट सापडली नाही तर मी स्वतः शाळेतनं तुमच्या पोरींचे दाखले आणून देतो, असं ते म्हणाले. हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच की अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा सलग रजा टाकली.

त्या आठ दिवसांत ते मुलींसारखं वह्यांनी भरलेलं दप्तर पाठीला लावून सायकल चालवत होते. दप्तरानं तोल कसा जातो ते बघायचं होतं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. सहाव्या दिवशी शाळा सुटताना ते आले आणि मला म्हणाले, चला, दाखवतो.

हायवेखालून ओढ्याचं पाणी जाण्यासाठी जुनी मोरी होती. रस्ता रुंद झाला तेव्हा तीही लांबवली होती. वरून जाणाऱ्याला ती दिसतही नाही. अण्णा सायकल हातात धरून वाकून आत शिरले, मागून मी. आत गार होतं, वाळू होती, लेंड्या पडलेल्या होत्या. डोक्यावरून ट्रक जात होते आणि त्यांचा आवाज दूर कुठंतरी जातं फिरावं तसा येत होता. पलीकडं बाहेर आलो तर समोर शेताचा बांध आणि बांधावरून गाडीवाट, थेट आडत बाजाराच्या मागं.

"हितनं आमची मेंढरं जायची," अण्णा म्हणाले. "म्याच इसरलो होतो."

पुढच्या बैठकीला त्यांनी मलाही नेलं. बापांना मोरी पटली. पण मागं बसलेल्या बायकांतली एक जण उठली आणि म्हणाली, ट्रकपासनं वाचतील हो अण्णा, पण मोरीत कुणी उभा राहिला तर? अण्णांनी कबूलच केलं. गाड्या मोजताना हे माझ्या डोक्यात आलं नाही, म्हणाले. घरी परतताना माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा त्या अंधाऱ्या मोरीतून गेले होते आणि बाई असून मला ते सुचलं नव्हतं, कारण पुढं अण्णा होते.

दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आल्या त्या त्यांच्या बायको, गंगव्वा. ठेंगणी, काळीसावळी, हातात काठी, बोलणं अगदी कमी. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं की शाळा भरताना आणि सुटताना माझ्या शेळ्या मोरीच्या तोंडाशी चरतील. बस, एवढंच. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी साडेनवाला आणि संध्याकाळी पाचला तिथं असायच्या. चौदाही मुली पुढं गेल्याशिवाय शेळ्या हलायच्या नाहीत. ओढ्याला पाणी असायचं त्या महिन्यांत अण्णा स्वतः दुभाजकाच्या वरच्या जागेला पिवळं फडकं घेऊन उभे राहायचे आणि मुलींना उतरवून, रांगेनं, चालत पलीकडं न्यायचे. त्यासाठी त्यांना शाळेत यायला उशीर व्हायचा. साहेबांनी तो उशीर कधी लिहिला नाही.

दोन वर्षं हे सुरळीत चाललं. आणि मग रेणुका पडली.

रेणुका तेव्हा नववीत. पाऊस उघडून महिना झाला होता, मोरी वापरात आली होती. मोरीत उतरायच्या तोंडाशी सिमेंटचा उतार होता आणि त्याच्यावर पाण्यानं शेवाळ धरलेलं. तिथं उतरून चालायचं हा अण्णांचा नियम, पण त्या दिवशी पहिल्या तासाला परीक्षा होती आणि रेणुका उतरली नाही. ब्रेक दाबला, मागचा ब्रेक लागला नाही. सिमेंटच्या कडेवर उजव्या कोपरावर पडली. गंगव्वांनी तिला उचललं, पदरानं हात गळ्यात बांधला आणि बांधावरून येणाऱ्या एका बैलगाडीत घालून दवाखान्यात आणली. कोपराचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, सळई बसली. डॉक्टरांनी सांगितलं, हात पूर्ण सरळ होईल की नाही ते आताच सांगता येणार नाही.

रेणुकाचे वडील भागवत कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर चालवायचे. ते दवाखान्यात आले तेव्हा अण्णा बाकावर बसलेले होते, मी शेजारी. भागवत सगळ्यांसमोर म्हणाले, अण्णा, तुमच्या वाटंनं घालवला माझ्या लेकराचा हात. मी काहीतरी बोलायला गेले, ब्रेकचं, उतरण्याचं. अण्णांनी हातानं मला थांबवलं.

"व्हय," ते म्हणाले. "वाट म्या निवडलो."

त्यानंतर ते बोलेनासे झाले. घंटा द्यायचे, पाणी भरायचे, टपाल न्यायचे. कुणी रस्ता विचारायला आलं की म्हणायचे, मला न्हाय ते कळत. साहेबांनीही नोटीस काढली की मुली कुठल्या वाटेनं येतात याची जबाबदारी शाळेवर राहणार नाही. आठवड्यात चार मुली यायच्या बंद झाल्या.

एका दुपारी मधल्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ व्हरांड्यात जाऊन बसले. म्हटलं, अण्णा, तीस वर्षांत एक गोष्ट घडली, तीही ब्रेकमुळं. तुम्ही इतकं लावून का घेता? मग त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

ते बारा वर्षांचे असताना बापलेक मेंढरं घेऊन पाण्याला निघाले होते. उन्हाळा, जनावरं तहानलेली. मोरीकडून गेलं तर अर्धा तास जास्त, म्हणून वडिलांनी हायवे धरला. ट्रक आला. अकरा मेंढरं गेली. ड्रायव्हर कुठला तरी लांबचा, तरुण होता. खाली उतरून रडायला लागला, पाया पडायला लागला. लोक जमले, त्याला मारायला धावले. वडिलांनी लोकांना अडवलं.

"अप्पा म्हणला, त्येला सोडा. वाट म्या निवडलो होतो," अण्णा म्हणाले. "आन् मग रस्त्याच्या कडंला बसला. येक येक मेंढरू नावानं मोजला. लई येळ बसला."

घंटेची वेळ झाली होती. ते उठले आणि घंटा द्यायला गेले.

त्याच शनिवारी शाळा सुटल्यावर अण्णांनी शेडमधल्या सगळ्या मुलींच्या सायकली एका ओळीत उभ्या केल्या. पाना, पक्कड आणि ब्रेकच्या रबराची पुडी घेऊन बसले. नऊपैकी सहा सायकलींचे मागचे ब्रेक गुळगुळीत झालेले निघाले. रविवारी ते टिकाव आणि छिन्नी घेऊन मोरीवर गेले आणि त्या उतारावर आडव्या रेघा खोदायला लागले. मी डबा घेऊन गेले होते. गंगव्वा खडी टोपल्यात भरून आणून रेघांमध्ये दाबत होत्या. दोघांचं काम सारख्याच वेगानं चाललं होतं. असे तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी अण्णा भागवतांच्या घरी गेले. मला वाटलं माफी मागायला गेले असतील. तसं काही नव्हतं. त्यांनी भागवतांना एवढंच म्हटलं की माझ्याबरोबर एकदा दोन्ही वाटा चालून बघा, आधी हायवे, मग मोरी, आणि मग तुम्ही सांगाल ते मी ऐकतो. भागवत नको म्हणत होते. रेणुकानंच, हात गळ्यात, आतून सांगितलं की जावा बाबा.

पुढचं मला गंगव्वांनी सांगितलं. दोघं हायवेच्या कडेनं दीड किलोमीटर चालले. कारखाना सुरू झाला होता, उसानं लादलेले दोन-दोन ट्रेलर ओढत ट्रॅक्टर चालले होते, आणि प्रत्येक वेळी दोघांना रस्ता सोडून चारीत उतरावं लागत होतं. तिसऱ्या ट्रॅक्टरनंतर भागवत तिथंच उभे राहिले आणि बराच वेळ जाणाऱ्या ट्रेलरकडं बघत राहिले.

पुढच्या बैठकीला मी होते. मुलींना बंद करायचं की नाही यावर पुन्हा तेच ते चाललं होतं. भागवत मागं बसलेले, उठले.

"म्या पंधरा वर्सं ट्रॅक्टर चालवतोय," ते म्हणाले. "दोन ट्रेलर लावले की मागं काय हाय ते मला दिसत न्हाय. आवाजात हॉर्नपण ऐकू येत न्हाय. म्या आतापत्तूर किती सायकलवाल्यांना खाली चारीत घातलोय ते मलाच ठाऊक न्हाय. माझी पोरगी मोरीतनंच येईल."

एवढं बोलून ते बसले. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी टोपी काढली आणि तोंडावरून हात फिरवला.

चारही मुली परत आल्या. रेणुका संक्रांतीनंतर आली, पहिले दोन महिने गंगव्वांबरोबर चालत. तिचा हात आजही पूर्ण सरळ होत नाही, थोडा वाकडाच राहिला. त्याच हातानं ती आता पेशंटला सलाईन लावते.

मुली शाळेतून पुढं गेल्या, नव्या आल्या. अण्णा निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल दिली, साहेबांनी भाषण केलं आणि त्यात पिवळ्या फडक्याचा उल्लेख आला तेव्हा सगळा हॉल हसला, अण्णाही हसले. निवृत्तीनंतरही ते शनिवारी यायचे, ब्रेक बघायला. एका शनिवारी ते चालत आले. सायकल कुठं म्हणून विचारलं तर म्हणाले, उजव्या डोळ्याला कमी दिसायलंय. डॉक्टरांनी सांगितलं का, मी विचारलं. ते म्हणाले, डॉक्टर कशाला सांगतोय, एका ऑटोवाल्यानं वाचवलं, म्हणजे मीच त्याच्या आडवा गेलो. घरी जाऊन त्यांनी सायकल शेजारच्या दूधवाल्याला देऊन टाकली. या गोष्टीचं त्यांना वाईट वाटलं असणारच.

दोन वर्षांपूर्वी ते घरीच, झोपेत गेले. मी तोवर बदली होऊन धाराशिवला आले होते. मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. गंगव्वांना भेटायला गेले तर त्या शेळ्या घेऊन बाहेर पडायच्या बेतात होत्या. साडेनऊ होत आले होते. माझा हात धरून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, चला म्याडम, पोरी यायच्या झाल्या. आम्ही मोरीपर्यंत बरोबर गेलो.

पण अण्णा मला शेवटचे दिसले ते त्याच्या आधी, बदलीच्या दिवशी. माझं सामान टेम्पोनं पुढं गेलं होतं आणि मी एसटीनं निघाले होते. बस स्टँडमधून बाहेर पडून चौकात आली आणि मला ते कडेला उभे दिसले. हातात पिशवी, अंगात तोच खाकी शर्ट. पलीकडं जायचं होतं त्यांना. रस्ता मोकळा होता, पुढं दोन गाड्या जातील एवढी जागा होती आणि ड्रायव्हरनंही त्यांना बघून वेग कमी केला, हात बाहेर काढून जा म्हणून खूण केली. अण्णा गेले नाहीत. त्यांनीच उलट हात हलवून बसला पुढं जायला सांगितलं.

मी खिडकीतून बाहेर वाकले, हाक मारली, हात हलवला. बस त्यांच्या अगदी जवळून गेली. त्यांना ऐकू आलं नसावं. त्यांनी वर बघितलंच नाही. त्यांची नजर बसच्या मागच्या चाकांवर होती. ती चाकं पूर्ण पुढं जाईपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी मान पूर्ण वळवून उजवीकडं बघितलं, एकदा डावीकडं बघितलं, पुन्हा उजवीकडं बघितलं, आणि सावकाश चालत रस्ता ओलांडला.

मी ते पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत मागं बघत होते.